काटा शून्यावर

६ जानेवारी २०२५, सोमवार

डायरी लिहिण्याचा मला कंटाळा आहे. दरवर्षी कंपनीत बेअरिंगवाल्यांकडून चार डायऱ्या येतात, त्यातली एक मी घरी आणतो आणि वनमाला तिची पानं फाडून किराणाच्या याद्या करते. यंदाची मात्र मी तिच्याकडून काढून घेतली. आज पालिकेच्या प्रसूतिगृहात तीन खिडक्या फिरलो. तिसऱ्या खिडकीतला माणूस मलाच विचारतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं, कधी सांगितलं, नाव सांगा. माझ्याकडे नाव नव्हतं. तेव्हा यापुढे सगळं तारीखवार लिहिणार. उद्या तक्रार करायची वेळ आली तर कागद बोलला पाहिजे.

आमची प्रांजल काल कणकवलीहून आली. सातवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. शिवाय तिच्या सासरी काही अडलं तर दोन तालुके ओलांडावे लागतात. जावई, सिद्धेश, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, पोरगा शहाणा आहे. तोच म्हणाला, "बाबा, मुंबईत काय, पावलापावलाला हॉस्पिटल." मीही मान डोलावली. मरोळमध्ये पस्तीस वर्षं काढली, पण बाळंतपणासाठी खिडकीशी उभं राहायची वेळ याआधी प्रांजलच्याच जन्माला आली होती.

पहिली खिडकी म्हणाली, बाराव्या आठवड्याच्या आत नाव घालायला हवं होतं. दुसरी म्हणाली, आधार कार्ड सासरचं आहे. तिसरी म्हणाली, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर एक वाजता जातात आणि तेव्हा सव्वा वाजला होता.

मुलीनं माहेरी येऊ नये की तिनं बाराव्या आठवड्यातच माहेरी येऊन बसावं, हे मी विचारलं. 

९ जानेवारी, गुरुवार

नाव घातलं. सरळ बोटानं तूप निघत नाही हेच खरं.

मला अचानक नितेश आठवला. हा वॉर्डाच्या आरोग्य खात्यात भांडारात कारकून आहे. मागच्या दिवाळीआधी पालिकेच्या दवाखान्यांची चाळीस बीपीची यंत्रं आमच्या गाळ्यात तपासायला आली होती, ती हाच घेऊन आला होता. आमचं काम तेच, कारखान्यांची प्रेशर गेज तपासून प्रमाणपत्र द्यायचं. नितेशला यंत्रं दुसऱ्या दिवशी हवी होती, वरून कोणीतरी पाहणीला येणार होतं. आमचे मालक केयूरशेठ म्हणाले, घाडी, चार बघा आणि बाकीच्यांना स्टिकर मारा, नवीकोरीच दिसतात. मारले. एका दुपारचं काम. नितेश त्या उपकाराला जागला. काल फोन केला, आज नाव रजिस्टरात.

कार्ड नवीन मिळालं. मृणालिनी सिस्टर म्हणून आहेत, पन्नाशीच्या, बोलायला फटकळ, पण हात हलका. त्यांनी बीपी घेतलं, ११२/७०. गावच्या कार्डावर १३४/८८ लिहून लाल गोल केला होता आणि एक गोळी सुरू केली होती. डॉक्टरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि गोळी बंद केली. माहेरच्या भाताचा गुण, मी म्हटलं.

संध्याकाळी सिद्धेशचा फोन आला, गोळी का थांबवली म्हणून. त्याला शांतपणे समजावलं. तिकडचं यंत्र कधी कोणी तपासलं असेल, देव जाणे. काटा शून्यावर उभा दिसला म्हणजे गेज बरोबर, असं लोकांना वाटतं. शून्यापाशी एक बारीक खिळा असतो. बिघडलेला काटा त्याला टेकून ताठ उभा राहतो, आणि बघणारा फसतो. पंचवीस वर्षं हेच करतोय मी. तो हो हो म्हणाला.

१७ जानेवारी, शुक्रवार

सोनोग्राफी झाली. बाळ पायाळू आहे, म्हणजे डोकं वर, पाय खाली.

वनमालाला काही विशेष वाटलं नाही. "पायाळू तर पायाळू. माझो मामा पायाळू होतो. काठी घेऊन फिरायचो आणि खंय पाणी लागतला ता सांगायचो." मामांचं कौतुक ठीक आहे, पण सिस्टर म्हणाल्या की बाळ फिरलं नाही तर पोट उघडावं लागेल, आणि भूल देणारे डॉक्टर इथे मंगळवार-शुक्रवार येतात, अकरा ते एक.

मी विचारलं, आणि इतर वारी?

"इतर वारी रेफर, भाऊ. चिठ्ठी देतो आम्ही, मोठ्या हॉस्पिटलात जायचं."

बाहेर दरवाज्यावर निळ्या पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, प्रसूती सेवा २४ तास. बाळांनी वार बघून यायचं असतं हे पाटीवर लिहायचं राहिलं असावं. माझ्या धंद्यात अशी खोटी पाटी कोणी लावली तर मी त्याला उभा करणार नाही.

रांगेत प्रांजलला एक मैत्रीण मिळाली, साकीनाक्याची मनाली. तिच्याहून एक महिना मागे आहे. तोंडाचा पट्टा सतत चालू. दोघींचं बीपी छान.

२१ जानेवारी, मंगळवार

अर्धी रजा टाकून मुद्दाम बघायला गेलो. भूलतज्ज्ञ अकरा चाळीसला आले, साडेबाराला गेले. मी जिन्यात गाठलं. तरुण पोरगा आहे, डोळ्यांखाली काळं. म्हणाला, काका, मी तीन ठिकाणं बघतो, मी कुठे नसतो ते सगळेच विचारतात. मला राग यायला हवा होता, पण त्याच्या हातात डबा होता आणि तो चालता चालता खात होता. राग कोणावर काढायचा तेच समजेना. शेवटी लिफ्टवाल्यावर काढला. लिफ्ट बंद आहे आणि लिफ्टवाला आहे.

२९ जानेवारी, बुधवार

वॉर्ड ऑफिस. नगरसेवक सध्या कोणी नाहीच, निवडणूकच झाली नाही, त्यामुळे ओरडायचं तरी कोणाच्या दारात. रांगेतल्या बायकांच्या घरच्यांकडून बासष्ट सह्या गोळा केल्या होत्या. पहिली सही मनालीच्या सासूची. अर्जात चार मागण्या: भूलतज्ज्ञ रोज, सुट्टीच्या दिवशी डॉक्टर, रुग्णवाहिका आवारात उभी, आणि लघवी तपासायच्या पट्ट्या. या पट्ट्या नोव्हेंबरपासून संपल्यात. सिस्टर स्वतःच्या खर्चानं एक डबी आणतात, ती आठवड्यात संपते.

साहेबांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, म्हणाले, तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत. पालथ्या घड्यावर पाणी. तरी शिक्क्याची प्रत जपून ठेवली आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीत उद्या ऑडिट. रजिस्टर डिसेंबरपासून रिकामं होतं, दुपारी बसून भरलं. हाताला इतकी सवय झालीय की काटा न बघता आकडे सुचतात. फक्त थोडे वरखाली लिहावे लागतात. सगळे सारखे आले की ऑडिटर हसतो.

वॉर्ड ऑफिसला दोन फोन केले. उचलत नाहीत. काम न करता पगार खाणाऱ्या लोकांचं मला नवल वाटतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाळ फिरलं! डोकं खाली. सोनोग्राफीवाली बाई म्हणाली, आता काळजी नाही.

वर आणखी गंमत म्हणजे अर्जाला उत्तर आलं. "भूलतज्ज्ञ आवश्यकतेनुसार दूरध्वनीवर उपलब्ध राहतील." फोनवरून भूल कशी देतात ते बघायला मी जाणार नाही, कारण आता गरजच नाही. घाडी जिंकले. वनमालानं कोंबडी-वडे केले. शेजारी दोन घरी पाठवले.

प्रांजल जेवली नाही फारशी. डोकं जड आहे म्हणाली. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना, परवा सोनाराकडे जाऊन कापून घेतली. पायांवर बोट दाबलं की खळगा राहतो. वनमाला म्हणते, दिवसांत अंग भरतंच, माझे तर चपलांत पाय जात नव्हते. आजचं बीपी ११८/७६.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बीपी १२४/८०. सिस्टरनी पाय दाबून पाहिले, चेहरा पाहिला, परत बीपी घेतलं. तेच आलं. लघवीच्या पट्ट्या नव्हत्या. म्हणाल्या, भाऊ, बाहेरच्या लॅबमधून करून आणा, मला हिची सूज आवडत नाही.

मी विचारलं, बीपी चांगलं आहे ना?

"बीपी ठीक आहे."

मग पुढच्या वेळी करू, म्हटलं. लॅब रस्त्यापलीकडे होती, पण ऊन रणरणत होतं आणि पोरीला दोनदा रस्ता ओलांडायला लावायचं जिवावर आलं. मनालीचेही पाय असेच सुजलेत. दोघी एकमेकींचे पाय बघून हसत होत्या.

सिद्धेशचा फोन. प्रांजलनं त्याला सांगितलंय की डोळ्यांसमोर काजवे चमकतात. दिवसभर मोबाइल बघितला की चमकणारच. तो म्हणे, बाहेरच्या डॉक्टरला एकदा दाखवा ना बाबा. मी जरा तोडूनच बोललो, तुझ्या त्या गावच्या बिघडलेल्या यंत्रानं तुझ्या डोक्यात भूत घातलंय. नंतर वाईट वाटलं. लांब आहे बिचारा, काळजी वाटणारच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र.

१ मार्च, शनिवार

तारीखवार लिहायचं ठरवलं होतं. वेळेसकट लिहितो.

बुधवारी दुपारी दोनला प्रांजल म्हणाली, बरगडीखाली दुखतंय. वनमालाचा उपास होता, तिला वाटलं ॲसिडिटी, तिनं सोलकढी दिली. दोन वाजून दहा मिनिटांनी प्रांजलचे डोळे फिरले, दात आवळले आणि सगळं अंग आकडीनं हलायला लागलं. मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. किती वेळ ते माहीत नाही, एवढीच एक वेळ माझ्याकडे नाही.

दोन पस्तीस. रिक्षानं प्रसूतिगृह. सुट्टी. डॉक्टरांना सिस्टरनी फोन लावला, ते दुसऱ्या प्रसूतिगृहात एका बाईच्या बाळंतपणात अडकलेले. भूलतज्ज्ञ नाही, कारण बुधवार. बीपी १३८/९०. सिस्टर त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग प्रांजलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे मला पटत नाही." कोणाची परवानगी न घेता त्यांनी कमरेत दोन्ही बाजूंना इंजेक्शनं दिली. दुसरी आकडी आली नाही. मोठ्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण नंतर म्हणाली, त्या इंजेक्शनांनी तुमची मुलगी वाचली.

तीन वीस. रुग्णवाहिका आली. प्रसूतिगृहाच्या आवारात गाडी नाही, अर्जातली तिसरी मागणी.

तीन पन्नास. दुसरं हॉस्पिटल. स्ट्रेचर दारात. तिथे अतिदक्षतेत जागा नाही, बाळासाठी काचेची पेटी नाही. तिथल्या मुलीनं बीपी घेतलं आणि ओरडून सांगितलं, एकशे बासष्ट, एकशे चौदा. मी म्हटलं, चुकलं असेल, पुन्हा घ्या. तिनं पुन्हा घेतलं. तेच. पंचवीस मिनिटं आम्ही दारात होतो आणि आतले लोक फोनवर जागा शोधत होते. वाईट वागलं नाही कोणी. जागाच नव्हती.

पाच पंचवीस. तिसरं हॉस्पिटल, पार शहरात. साकीनाक्याला आमची गाडी अठरा मिनिटं उभी होती, भोंगा वाजत होता आणि पुढचा टेम्पो हलायला जागा नव्हती.

पाच पन्नास. ऑपरेशन.

मुलगी झाली. दोन किलो तीनशे. रडली नाही.

दोन पस्तीस ते पाच पन्नास, सव्वातीन तास. एवढ्या वेळात माणूस पुण्याला जाऊन जेवतो.

प्रांजल अजून अतिदक्षतेत आहे. काल डोळे उघडले. तिला अंधुक दिसतंय, डॉक्टर म्हणतात येईल नजर. सिद्धेश गुरुवारी गावाहून आला, बाळाचं तिला त्यानंच सांगितलं. मी बाहेर होतो.

डॉक्टरीण मला विचारत होती, ही आकडी वाढलेल्या बीपीची, आधी कधी बीपी वाढलं नव्हतं का? मी कार्ड दिलं. तिनं दोनदा वाचलं. "यात तर सगळं नॉर्मल आहे," म्हणाली. तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं.

घरी येऊन मीही कार्ड उघडलं. ११२/७०. ११६/७४. ११८/७६. १२४/८०. थोडे वरखाली, सगळे नीटनेटके. असे आकडे कसे लिहितात ते मला कोणी शिकवायला नको. बसून भरलेत. माझ्या पोरीला पट्टा न बांधता आकडे भरलेत त्या बाईनं.

४ मार्च, मंगळवार

सकाळी अकराला प्रसूतिगृहात गेलो. रांग लागली होती. सगळ्यांसमोर बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही. पाट्या खोट्या, कार्डं खोटी, तुम्हाला बायका म्हणजे रजिस्टरातल्या ओळी वाटतात, असं बरंच. मृणालिनी सिस्टरनी मला आतल्या खोलीत नेलं. त्यांच्या हातात पट्टा होता, कोणाचं तरी अर्धवट टाकून आल्या होत्या.

म्हणाल्या, "भाऊ, प्रत्येक वेळी मी स्वतः घेतलं. तुम्ही तिथेच उभे होतात."

होतो. पट्टा फुगताना मी स्वतः पाहिला होता. सात आठवडे पाहिला होता.

"हेच यंत्र. आमच्याकडे हे एकच आहे. त्या दिवशी पोरगी बघून मला कळत होतं की हे खोटं बोलतंय. त्याच्याही आधी कळायला हवं होतं, सूज बघूनच. पण तपासल्याचा स्टिकर होता ना. मी माझ्या डोळ्यांपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवला."

त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. काटा शून्यावर, खिळ्याला टेकून, ताठ. मागे हिरवा स्टिकर. आमच्या कंपनीचं नाव. तपासले, योग्य. तारीख मागच्या ऑक्टोबरातली. खाली सही, नं. घा.

ती माझी सही आहे. न बघता काढतो मी ती, घ ची शेपटी लांब.

सिस्टरना मी काही सांगितलं नाही. म्हटलं, मी हे जरा नेऊन बघतो. त्या म्हणाल्या, न्या, पण मी कशानं मोजू? दुपारी कंपनीतलं एक चांगलं यंत्र नेऊन दिलं. त्यांनी माझे आभार मानले.

५ मार्च, बुधवार

पाऱ्याच्या नळीला, जिच्यावर आम्ही गेज ताडून बघतो तिला, लावून पाहिलं. पाच वेळा. चोवीसनं कमी दाखवतं, शंभरालाही आणि दीडशेलाही. म्हणजे खिळा नसता तर काटा शून्याच्या खाली चोवीस घरं लोंबकळत राहिला असता, आणि आंधळ्यालाही दिसला असता.

प्रत्येक आकड्यात चोवीस मिळवून पाहिले. जानेवारीत १३६/९४. गावचं यंत्र बरोबर होतं. गोळी बरोबर होती. सिद्धेश बरोबर होता.

तपासायला मला दीड मिनिट लागलं.

७ मार्च, शुक्रवार

केयूरशेठना यंत्र दाखवलं. बाकीची पस्तीस परत मागवू म्हटलं. त्यांनी केबिनचं दार लावलं, पाणी दिलं. वाईट माणूस नाही. रुग्णालयात दोनदा येऊन गेले.

"घाडी, तिथे भूलवाला नाही, ॲम्ब्युलन्स नाही, बेड नाही. तीन ठिकाणी फिरवलं पोरीला. आणि तुमी एक स्टिकर घेऊन बसलाय. कशाला अंगावर घेता, यार?"

खोटं काय बोलले? तीन तासांतला एक तास जरी वाचला असता तरी बाळ वाचलं असतं, असं डॉक्टरीणही म्हणाली. हे वाक्य मी कालपासून सारखं घोळवतोय. मला ते फार आवडतंय. त्यामुळेच ते बरोबर आहे की नाही कळत नाही.

नितेशलाही फोन केला. तो घाबरला. म्हणाला, काका, मी तुमच्या पोरीचं नाव घालून दिलं होतं, विसरू नका. आणि कुठलं यंत्र कुठे गेलं ते माझ्याकडे आता नाही. असणार. भांडारात नोंद असतेच.

आरोग्य खात्याला तक्रार लिहायला घेतली आहे. या डायरीतून उतरवून चौदा मुद्दे झाले, तारीख, वेळ, सगळं. कागद बोलतोय. पंधरावा आकडा घातला आणि पुढे जागा सोडली आहे. ९ जानेवारीचं पान पुन्हा वाचलं. "मारले. एका दुपारचं काम." माझंच अक्षर.

१० मार्च, सोमवार

प्रांजल घरी आली. नजर जवळजवळ पूर्ववत. दूध आलंय, त्याचा तिला त्रास होतोय. वनमाला तिला आत घेऊन बसते आणि दार लावते. मी गॅलरीत.

सिद्धेश माझ्याशी नीट बोलतो, तेच सहन होत नाही. आज चहा पिताना म्हणाला, "बाबा, तुम्ही मागे सांगितलं होतं ना, काट्याला खिळा असतो म्हणून. त्या प्रसूतिगृहातलं यंत्र तसं असेल का?"

असेल, म्हटलं.

१२ मार्च, बुधवार

दुपारी प्रांजलनं हाक मारली. वनमाला आणि सिद्धेश औषधं आणायला गेले होते. खाटेवर बसली होती, कार्ड मांडीवर.

"बाबा, सिस्टरची चूक होती का हो? तुम्ही त्यांना खूप बोललात म्हणे. मनालीनं सांगितलं."

नाही, म्हटलं. त्यांची नव्हती.

"मग?"

चौदा मुद्दे मला तोंडपाठ आहेत. भूलतज्ज्ञापासून साकीनाक्याच्या टेम्पोपर्यंत. तोंड उघडलं आणि पंधरावा बाहेर आला. चाळीस यंत्रं, चार तपासली, एक दुपार, हिरवे स्टिकर, सही. सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. शेवटी म्हटलं, तुझं यंत्र त्यातलं होतं.

ती रडेल असं वाटलं. ओरडेल असं वाटलं. ओरडायला हवं होतं तिनं. ती कार्डाची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. मग तिनं विचारलं,

"हे तुम्हाला कळून किती दिवस झाले?"

आठ.

"आणि बाकीची पस्तीस?"

 आठ दिवस मी मुद्दे लिहीत होतो. कुठे कुठे ती पस्तीस यंत्रं आहेत, आज कोणाच्या दंडाला बांधली आहेत, याचा मी आठ दिवस विचार केला नव्हता असं नाही. केला होता, आणि मग पुढचा मुद्दा लिहायला घेतला होता.

"मनालीचं बीपी माझ्यानंतर घ्यायचे," प्रांजल म्हणाली. "त्याच यंत्रावर. तिचंही छानच यायचं."

मग ती म्हणाली, "फोन लावा तिला."

मनालीची पुढची तारीख चौदाची, म्हणजे नव्या यंत्रावर तिचं अजून घेतलेलंच नाही. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. आधी प्रांजलची चौकशी केली, मग रडली, मग मीच विचारलं, तू कशी आहेस बाळा?

"मी मस्त, काका. डोकं जरा दुखतंय कालपासून, बाकी काही नाही."

पाय?

"पाय तर हत्तीचे झालेत."

तिला म्हटलं, हलू नकोस, मी येतो. मृणालिनी सिस्टरना फोन केला, स्टिकरचंही सांगितलं, एका दमात.  त्या म्हणाल्या, "तिला घेऊन या, भाऊ. बाकीचं नंतर बोलू."

पाऱ्याची नळी पिशवीत भरली आहे. रिक्षावाला खाली उभा आहे. प्रांजलनं दारापर्यंत येऊन पिशवीचा बंद माझ्या खांद्यावर नीट केला, माझ्याकडे बघितलं नाही. एवढ्या ओळी लिहायला बसलो, कारण पंधराव्या मुद्द्यापुढची जागा भरायची राहिली होती. ती भरली, खाली पूर्ण नाव घातलं, नंदकुमार घाडी, आणि कागद वनमालाच्या देव्हाऱ्यापाशी ठेवला. मी उशिरा आलो तर सिद्धेशनं तो नेऊन द्यावा.

मनालीला आधी सिस्टरकडे नेतो. तिथून पुढे न्यावं लागलं तर कुठे, ते ठाऊक नाही. डॉक्टर एक वाजता गेले असणार. आज बुधवार आहे.